अध्यक्षांची छोटी गाडी

दूध संघाचे अध्यक्ष जालिंदरराव यांनी आपली अगडबंब गाडी विकली आणि कमी डिझेल पिणारी छोटीशी गाडी घेतली. ती मिरवायलाच ते कोळवाडीला आले. छोट्या गाडीत कार्यकर्ते मावेनात, म्हणून मागून चार मोठ्या गाड्या भरून आल्या.

हारतुरे झाल्यावर अध्यक्ष म्हणाले, "डिझेल वाचवायला मी मोठेपणा सोडला. आता तुम्हीही थोडी झीज सोसा. उद्यापासून दुधाचा टेम्पो वाडीत येणार नाही. दूध डोक्यावरून फाट्यापर्यंत आणा."

टाळ्या वाजल्या. फाट्यावर पोचेपर्यंत उन्हाने दूध नासणार आणि संघ ते घेणार नाही, हे संघाला रोज दूध घालणाऱ्या गिरिजाबाईंना मात्र ठाऊक होतं. पदर सावरून त्या उठल्या.

"अध्यक्षसाहेब, तुमचा आदर्श आम्हाला मान्य आहे. आम्ही अगदी तुमच्यासारखीच काटकसर करू."

"शाब्बास, मावशी! ऐकलंत का रे सगळ्यांनी?"

"उद्यापासून तांब्याभर दूध मी स्वतः डोक्यावरून नेईन," गिरिजाबाई म्हणाल्या. "बाकीचं माझ्या मागून टेम्पोत येईल."

मांडवात हशा पिकला. हसणाऱ्यांत मागच्या गाड्यांतले कार्यकर्तेही दिसले, तेव्हा अध्यक्षांनी घाम पुसला आणि टेम्पो चालूच राहील, असं तिथल्या तिथे जाहीर करून टाकलं.