पीठ वाढलं

"मग ती आणते कुठून?"

मठात पाऊल टाकल्यापासून लिंबाजी हेच विचारत होता.

भिकाबाबा भोपळ्याच्या वाळलेल्या बिया सोलत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "काय आणते?"

"पीठ. तेल. डाळ. सगळंच."

हा लिंबाजी ओढ्यापलीकडच्या पेठेतला विणकर. मागावर काम करतो. कामाला चोख, पण चेहरा असा की जणू समोरच्यानं नुकताच आपला खिसा कापलाय. मला असली माणसं आवडत नाहीत. मठाचं स्वयंपाकघर मी सांभाळतो, त्यामुळे आलेल्याची भूक मला दारातच कळते. याला भूक नव्हती. याला निवाडा हवा होता.

बाहेर पायरीवर त्याची बायको शेवंता बसली होती. शेजारी कपड्यांचं बोचकं. तिच्या माहेरची एसटी दुपारी मठासमोरून जाते.

लिंबाजीनं मग सगळं सांगितलं. माग अर्धा आठवडा बंद असतात, मजुरी निम्म्यावर आली. किराण्याला तिच्या हातावर ठेवतो ते पैसेही निम्मे. बाजारात भाव तर डोळे पांढरे करणारे. आणि तरी रोज संध्याकाळी त्याच्यापुढे ताट भरलेलं येतं. दोन्ही पोरी पोटभर जेवून झोपतात. दुकानदाराकडे गुपचूप चौकशी केली, उधारी नाही. तिच्या भावाला आडून आडून विचारलं, तोही काही देत नाही.

"मग उरतं काय, बाबा?"

काय उरतं ते त्यानं सांगितलं नाही. पण त्या न सांगण्यात कुणीतरी पुरुष होता, एवढं मला कळलं.

बाबांनी एक बी सोलली, वाटीत टाकली.

"परवा काय जेवलास?"

"मुळ्याच्या पाल्याचा झुणका." लिंबाजी पुढे सरकला. "आता हा पाला तिला कोण देतं?"

"मुळे कुणी आणले?"

"मीच."

"पाल्यासकट?"

लिंबाजी पुन्हा मागे सरकला.

मला हसू आलं. बाबांना आलं नाही.

लिंबाजी जरा चिडला. म्हणाला, पाल्याचं सोडा. तिच्या हातात नव्या बांगड्या आहेत. आधीच्या मनगटाला घट्ट बसायच्या, या मोठ्या मापाच्या आहेत, कोपरापर्यंत सरकतात.

"रंग?"

"हिरवा."

"आधीच्या?"

"...हिरव्याच."

आणि उपास. सोमवार, गुरुवार, शनिवार. विचारलं तर म्हणते, तुमच्यासाठी धरलेत. तो म्हणाला, मला काय झालंय? बायको एवढं देव देव करायला लागली, की तिच्या मनात काहीतरी असतं. उपास नसेल त्या दिवशीही ती त्याच्याबरोबर ताटावर बसत नाही. मी आधीच जेवले, पोरींबरोबर, हे ठरलेलं. नजर चुकवते, बाबा.

मग त्यानं आवाज खाली आणला. इतका वेळ हेच मुठीत धरून बसला होता.

"परवा भिंतीआडून माझ्या कानांनी ऐकलं. शेजारणीला सांगत होती. पीठ वाढलं, तेल वाढलं, डाळसुद्धा वाढली. हळू आवाजात. घरात जिन्नस वाढतोय आणि घरधन्याला पत्ता नाही!"

मी तोंड उघडलं.

बाबांनी हात वर केला. मी तोंड मिटलं, पण अगदी जिवावर आलं.

बाबांनी त्याला विचारलं, लहानपणी जेवायला कोण वाढायचं. लिंबाजीला या चौकशीचाही संशय आला. आधी "कशाला?" म्हणाला, मग सांगितलं. आई त्याला आठवतच नाही. बाप आणि तो पेठेतल्या खानावळीत जेवायचे. भांडं रिकामं झालं की खानावळवाला ते पालथं करून ओरडायचा, संपलं! की उठायचं.

"आमच्यात सगळं स्पष्ट असायचं," लिंबाजी म्हणाला.

त्याला हवं होतं ते एवढंच. बाबांनी शेवंताला आत बोलवावं, अंगाऱ्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावावी. खरं बोलली तर ती घरी. नाही बोलली तर एसटी येतेच आहे. पोरी त्याच्याकडे राहतील.

बाहेर पायरीवर बांगड्या वाजल्या आणि थांबल्या. तिनं ऐकलं असणार. मठाच्या भिंती काही जाड नाहीत.

"निवाडा करतो," बाबा म्हणाले. "पंगत उठल्यावर. आज तू वाढ."

"मी?"

"एक माणूस जरी अर्धपोटी उठला, तर निवाडा नाही. आणि शेवंताबाई पंगतीत बसतील."

लिंबाजीनं माझ्याकडे पाहिलं. जणू हा डाव मीच रचला होता. मी त्याच्या हातात टोपली दिली.

त्या दिवशी भिक्षा थोडी आली होती. गावात लग्न होतं, निम्म्या दारांना कुलपं. टोपलीत भाकरी मोजक्या, आमटी पातेल्याच्या तळाशी. लिंबाजीनं फडकं उचललं, आत पाहिलं.

"एवढंच? बाकीचं कुठं ठेवलंय?"

मी म्हटलं, शोध. आणि या पठ्ठ्यानं खरंच शोधलं! फळीवरचे डबे उघडले, पातेल्यांवरची झाकणं उचलली, चुलीमागे वाकून पाहिलं. राख सापडली. घरचा संशय तो सोबतच घेऊन आला होता, मठ त्याला अपवाद नव्हता.

पंगत बसली. मठातली रोजची म्हातारी माणसं, वाटेवरचे दोघे-तिघे, आणि अगदी टोकाला, अंग चोरून, शेवंता.

लिंबाजीनं सुरुवात जोरात केली. पहिल्यांना अख्खी भाकरी. मग टोकापर्यंतची रांग पाहिली आणि पुढच्यांना अर्धी. मग चतकोर. परत आत आला, आमटीत तांब्याभर पाणी घातलं, चव घेतली, मीठ शोधलं, कोपऱ्यात पडलेली मिरची ठेचून घातली. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. एका म्हाताऱ्यानं आणखी मागितली तेव्हा त्यानं भाकरीचा काठ मोडून दिला आणि वर आमटी जरा सढळ ओतली. ताट भरल्यासारखं दिसलं.

एक भाकरी मात्र त्यानं स्वतःसाठी फडक्याखाली बाजूला सारली. मी पाहिलं. बोललो नाही. वाढणारा शेवटी जेवतो, त्याला तेवढा हक्क आहे.

पातेलं खडखडाट झालं. तो पळी घेऊन आत आला.

"आमटी संपली."

मी याचीच वाट बघत होतो. दाराबाहेर बसलेल्या बाबांकडे पाहिलं. या वेळी बाबांनी हात वर केला नाही.

"इथं संपली म्हणत नाहीत," मी म्हटलं. "वाढली म्हणायचं."

"म्हणजे?"

"म्हणजे संपली. घरोघरी बायका तसंच बोलतात. नांदत्या घरात संपलं हा शब्द काढत नाहीत. करंड्यातलं कुंकू संपलं की कुंकू वाढलं म्हणायचं. मीठ संपलं की मीठ वाढलं. डब्यातलं पीठ संपलं की..."

पुढचं मी बोललो नाही.

"...पीठ वाढलं," लिंबाजी म्हणाला.

पळी हातात तशीच. आमटीचा ओघळ मनगटावरून कोपरापर्यंत आला, त्याला कळलं नाही.

"तेल वाढलं," तो पुटपुटला. "डाळसुद्धा..."

मग तो दारात जाऊन उभा राहिला. इतका वेळ वाढण्याच्या घाईत त्यानं बायकोकडे पाहिलंच नव्हतं. आता पाहिलं.

शेवंता खाली मान घालून जेवत होती. घास घ्यायला हात वर जाई तेव्हा बांगड्या कोपराशी जात. हात खाली येई तेव्हा त्या तळहातावर येऊन अडत. मनगट बाजरीच्या वाळक्या धाटासारखं झालं होतं. बांगड्यांचा रंग घासून गेलेला, एकीला चीर पडलेली. त्या जुन्याच होत्या.

तिचं ताट रिकामं झालं. तिनं मागितलं नाही. बोटानं ताट पुसून बोट चाटलं, आणि कुणी पाहिलं का म्हणून इकडेतिकडे पाहिलं.

मला तिथं उभं राहवेना. मी उगाच चूल सारखी केली.

लिंबाजी आत आला, टोपली उचलली, फडक्याखालची भाकरी नेऊन अख्खी तिच्या ताटात ठेवली.

तिनं तुकडा मोडला. तोंडाशी नेला. थांबली. तिची नजर त्याच्या हातातल्या टोपलीवर गेली. बायकांना टोपली रिकामी आहे हे ती धरलेल्या हातावरून कळतं, दुरूनसुद्धा.

"तुम्ही?" तिनं विचारलं.

लिंबाजीनं टोपली पाठीमागे नेली.

"मी आधीच जेवलो."

शेवंतानं मान वर केली. सकाळपासून पहिल्यांदा तिनं नवऱ्याच्या डोळ्यांत पाहिलं. हे वाक्य कुणाचं, हे दोघांनाही माहीत होतं.

बाहेर एसटीनं भोंगा वाजवला. पुन्हा वाजवला. मग धूळ उडवत निघून गेली.

पंगत उठली. म्हाताऱ्यांनी ढेकर दिले, हात धुतले, उन्हात जाऊन बसले. लिंबाजी पायरीवर गेला, बोचकं उचललं, काखेत धरलं आणि बाबांपुढे येऊन उभा राहिला. चेहरा पडला होता. पोटात कावळे ओरडत असतील, पण ते त्यानं जाणवू दिलं नाही.

"निवाडा नको, बाबा."

बाबांनी बियांची वाटी शेवंताच्या पदरात रिती केली. मग त्याच्याकडे वळले.

"सगळे पोटभर उठले?"

"उठले."

"भाकरी तर कमी होत्या."

"कमीच होत्या."

"असं..."

बाबा त्याच्याकडे बघू लागले. अगदी त्यानं बायकोकडे बघावं तसे, डोळे बारीक करून.

"मग लिंबाजी, तू आणलंस कुठून?"