पात्राच्या तळाचा गाळ

फार पूर्वी वेत्रवतीच्या तीरावर उग्रसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका पाटकऱ्याच्या कुळात जन्मला. त्याचे नाव पालित. दोन गावांचे भांडण त्याने मिटवले. परंतु त्यासाठी त्याला स्वतःच्या पित्याची चूक चारचौघांत सांगावी लागली.

त्याचा पिता नन्दिय वेळुग्राम आणि आम्रग्राम यांना पाटाचे पाणी मोजून देत असे. तळाला बारीक छिद्र असलेले तांब्याचे पात्र पाटाशेजारच्या दगडी डोणीत तरंगत असे; ते भरून बुडेपर्यंत ज्या गावाची पाळी त्याच्याकडे पाट वाहे; तेवढा वेळ म्हणजे एक माप. सकाळची दहा मापे वेळुग्रामाची, दुपारची दहा आम्रग्रामाची. नन्दिय सूर्योदयी पात्र धुऊन त्याची पूजा करी. पूजिलेले पात्र दिवसभरात पुन्हा घासणे तो अशुभ मानी.

वेळुग्रामाची शेते सुकत, आम्रग्रामाची हिरवी राहत. एके दिवशी पाटावर काठ्या निघाल्या. नन्दिय मध्ये पडला आणि कोणाचा तरी दगड लागून मेला. दगड कोणाचा, हे कोणीच सांगेना. दोन्ही गावे एकमेकांकडे बोट दाखवू लागली.

तेराव्या दिवशी मुलाने पात्र हाती घेऊन म्हणायचे, “माझ्या पित्याचे माप अचूक होते, तेच मी चालवीन,” अशी रीत होती. आदल्या दिवशी पालित सरावासाठी डोणीजवळ बसला आणि एकच गाथा पुन्हा पुन्हा म्हणून मापाचा वेळ मोजू लागला. सकाळी साठ गाथांत पात्र बुडाले. दुपारी सत्तर गाथा झाल्या, तरी ते तरंगतच होते. आपलेच मोजणे चुकले असावे असे वाटून त्याने पुन्हा मोजले. मग पात्र उपडे केले. छिद्राभोवती गाळाचे कडे धरले होते. ते धुताच पात्र पुन्हा साठ गाथांत बुडाले. म्हणजे दुपारचे प्रत्येक माप लांबत होते, आणि आम्रग्रामाला जास्त पाणी जात होते.

त्याला काही सुचेना. खोटे बोलून पित्याचा मान राखावा, की खरे बोलून तो घालवावा? आणि ज्या भांडणात पिता मेला, ते तसेच ठेवले तर त्याला मान तरी कोणता?

त्याने आईला सांगितले. चित्रा म्हणाली, “त्यांनी दगड सोसला, माप सोडले नाही. आता तू त्यांना चोर ठरवणार?”

“चोर नव्हे, आई. त्यांना ठाऊकच नव्हते.”

“लोकांना एवढा फरक कळतो होय?”

तेराव्या दिवशी दोन्ही गावे काठ्यांसह जमली, तेव्हाही पालिताचा निश्चय झालेला नव्हता. पात्र हाती घेऊन तो म्हणाला, “माझ्या पित्याचे माप…” आणि थांबला. समोरच्या काठ्या त्याने पाहिल्या. मग म्हणाला, “माप चुकत होते. पिता प्रामाणिक होते.” सकाळपासून डोणीत तरंगलेल्या पात्राला पुन्हा धरलेला गाळ त्याने सर्वांसमोर दाखवला, आणि गाळासह व गाळ धुऊन, असे दोन्ही वेळा मोजूनही दाखवले.

लोक गोंधळले. रागवावे की रडावे, कोणालाच कळेना. आम्रग्रामाचा मुख्य तिंबरू तुटकपणे म्हणाला, “आता इतक्या वर्षांचे पाणी परत मागाल काय?”

“परत घेऊन ठेवू कुठे? तुझ्या पागोट्यात?” वेळुग्रामाचा मुख्य भद्रसाल म्हणाला. कोणी हसले नाही. मग तोच खाली मान घालून म्हणाला, “नन्दिय लबाड आहे, असे मी गावभर सांगत फिरलो. त्याच्या दारात मी कोणत्या तोंडाने उभा राहू?”

“पाटावर उभे राहा,” पालित म्हणाला, “काठीवाचून.”

तेथेच ठरले, की प्रत्येक मापापूर्वी पात्र धुवावे. दोन्ही गावांचा एकेक माणूस डोणीजवळ बसावा. पाटावर काठी आणू नये. भद्रसालाने ते मान्य केले. तिंबरूने बराच विचार करून मान्य केले. पहिल्या मापापूर्वी चित्राने मुलाच्या हातातून पात्र घेतले आणि स्वतः धुऊन परत दिले.

सीमेवरच्या वैरात पिता गमावलेल्या आणि शोक कसा करावा हे न उमजणाऱ्या एका भिक्षूला ही कथा सांगून शास्ता म्हणाला, “भिक्षो, तेव्हाचा भद्रसाल तूच होतास. तिंबरू म्हणजे तुझ्या शेजारी बसलेला भिक्षू, चित्रा म्हणजे आज भिक्षा वाढणारी उपासिका, आणि पाटकरी पालित मीच होतो.”

ही सत्यपारमितेची, म्हणजे सत्याच्या परिपूर्णतेची, कथा होय.