राखी मठाचे दार

एका राज्यात वज्रकेत नावाचा राजा होता. फार वर्षांपूर्वी ऐकलेला एक आवाज त्याच्या कानातून जात नव्हता: धाकट्या लेकीची वेणी कापणाऱ्या कात्रीचा. आंदणापायी खजिना फुटू नये म्हणून केतकावतीला त्याने जोगिणींच्या मठात दिले होते.

मठाच्या भिंतीत एक फिरता कोनाडा होता. आतल्या मुलींनी पांढरी वस्त्रे त्यात ठेवायची, बाहेरच्या रंगाऱ्याने ती राखी रंगवून परत ठेवायची. एकमेकांचे तोंड पाहायचे नाही. त्या कोनाड्यातून केतकावती आणि रंगारी निळाजी बोलू लागले, हसू लागले. मठाची थोरली आई मायावी होती. तिने राजाला विचारले, "काय करू त्याचे?"

"तुला योग्य दिसेल ते कर," राजा म्हणाला.

तिने निळाजीचा पारवा केला. त्या दिवसापासून राज्यात पाळणा हलला नाही.

राज्य म्हातारे झाले. मग राजा लेकीला घरी न्यायला मठाच्या दारी आला.

"तीन कामे कर," थोरली आई म्हणाली. "सापांच्या विहिरीतून पोरींच्या कापलेल्या वेण्या आण, त्यांवाचून उंबरा ओलांडता येत नाही. काळ्या डोंगरातून किल्ली आण. तिसरे मग सांगेन."

सापांनी राजाचा डोळा घेतला आणि वेण्या दिल्या. डोंगराने उजवा हात घेतला आणि किल्ली दिली.

"आता पारव्याचे रक्त कुलपाला लाव."

राजा थबकला. "माझे रक्त चालणार नाही?"

"तुझे रक्त इतकी वर्षे आतच आहे की! उघडले का दार?"

कोनाड्यावर बसलेला पारवा म्हणाला, "राजा, सुरी नीट धर. डाव्या हाताची सवय नाही तुला."

"निळाजी, नको रे!" आतून केतकावती ओरडली. "मी इथेच म्हातारी होईन. तुझा आवाज तरी रोज ऐकेन."

"आणि आतल्या बाकीच्या पोरी, केतकी?"

पारव्याने मान पुढे केली. राजाने सुरी फिरवली आणि रक्त कुलपाला लावले.

दार उघडले. थोरली आई जागच्या जागी राख झाली. मुली उन्हाला डोळे मिचकावत बाहेर आल्या, आणि दूर गावात कुठेतरी तान्हे मूल रडले. उंबऱ्याशी निळाजी पुन्हा माणूस होऊन निष्प्राण पडला होता. केतकावतीने त्याचे तोंड तेव्हा पहिल्यांदा पाहिले. अंगावरचे राखी वस्त्र काढून तिने त्याच्यावर पसरले. मुलींनी त्याला खांद्यावर घेतले.

राजाने पालखीचा पडदा उरल्या हाताने वर धरला. "बाळ, घरी चल."

केतकावती पालखीवरून पुढे गेली, निळाजीच्या मागोमाग.