सालोमीबाईंचं गोणपाट

“पण बाबा, नियम आहे की नाही? तेवढंच सांगा.”

रविवारची उपासना संपली होती. मंडळी घरी गेली होती. मी सतरंज्या गुंडाळत होतो. आमचे नवे पाळक सिलास भांबळ पांढऱ्या झग्यातच उभे होते आणि समोरच्या बाकावर म्हातारे, निवृत्त पाळक अमोलिकबाबा भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. चर्चमध्ये काही खायचं नाही, हा नियम बाबांनीच कधीकाळी घातलेला.

सिलास पाळक झाला तरी आमच्या लेखी तो सिलासच. त्याच्याकडून शास्त्राचं पहिलं वचन पाठ करून घेतलं ते बाबांनी. आता तो पाळक घडवणाऱ्या सेमिनरीत चार वर्षं काढून, चर्चच्या इतिहासाच्या विषयात पहिला नंबर घेऊन आला होता. हुशार पोरगा. पण हुशारी नवी होती आणि नव्या चपलेसारखी चावत होती. फक्त ती त्याला न चावता दुसऱ्यांना चावत होती.

“आहे ना,” बाबा म्हणाले. “नियम आहे.”

“नायसियाच्या धर्मसभेनं सतराशे वर्षांपूर्वी ठरवलंय. रविवारी कुणी गुडघे टेकायचे नाहीत. प्रभू उठला तो हा दिवस. त्याच्या लोकांनी या दिवशी उभं राहून प्रार्थना करायची. मी पदरचं काही सांगितलेलं नाही.”

“नाहीच सांगितलेलं.”

“मग लोक माझ्याशी तोंड फुगवून का बोलतात?”

बाबांनी नुसतं खिडकीकडं पाहिलं...

खिडकीखाली एक गोणपाट गुंडाळून ठेवलेलं होतं. ते सालोमीबाईंचं. चाळीस वर्षं त्या दर रविवारी ते फरशीवर अंथरून गुडघे टेकत आल्या. आता वय ऐंशीच्या घरात. दोन रविवारांमागं सिलासनं भर उपासनेत त्यांचं नाव घेतलं. “सालोमीबाई, रविवारी गुडघे टेकू नयेत. उभ्या राहा.” लहानपणी तो त्यांना मावशी म्हणायचा.

त्या उभ्या राहिल्या. खिडकीचा गज धरून, पाय लटलटत असताना, आमेनपर्यंत. मग गोणपाट तिथंच ठेवून घरी गेल्या. गेला रविवार त्यांची जागा रिकामी. आजही रिकामी. मला सिलासचा भयंकर राग आला होता, पण तोंडावर बोलायची हिंमत झाली नाही.

“सिलास,” बाबा म्हणाले, “प्रेषित पौल इफिसच्या वडीलमंडळींचा निरोप घेतो. त्यांच्यासोबत गुडघे टेकून प्रार्थना करतो. त्या दिवशी वार कोणता होता रे?”

सिलासनं डोकं खाजवलं. “शास्त्रात वार दिलेला नाही.”

“रविवार निघाला तर पौलाचे मार्क कापशील?”

“चेष्टा नका करू बाबा. नियम पौलाच्या फार नंतरचा आहे.”

“बरोबर. पहिला नंबर उगाच नाही आला तुझा.” बाबांनी त्याच्या हातावर चार दाणे ठेवले. “खा. बरं, मंदिराच्या सुंदर दरवाजापाशी तो जन्माचा लंगडा बसायचा. त्याला प्रभूच्या शिष्यानं, पेत्रानं काय सांगितलं?”

“चालायला लाग म्हणाला.”

“मग?”

“मग तो चालायला लागला.”

“मधलं एक वाक्य खाल्लंस.”

हळूहळू सिलासचे कान लाल झाले.

“पेत्रानं त्याचा उजवा हात धरला,” तो म्हणाला. “आणि त्याला उठवलं.”

“हं.”

बाबांनी आणखी एक शेंग फोडली. “प्रार्थनेच्या वेळी तू डोळे मिटतोस?”

“म्हणजे काय! मिटतोच.”

“आणि आमेन झाल्यावर?”

“मेजाकडं वळतो. गीताचा नंबर सांगतो.”

“म्हणजे सालोमीबाई उठतात कशा, ते तू पाहिलंच नाहीस.”

“...कशा उठतात?”

बाबा बाकावरून उठले. खिडकीखालचं गोणपाट घेतलं, फरशीवर अंथरलं, बाकाला धरून सावकाश खाली गेले आणि गुडघे टेकले. दोन्ही गुडघे असे वाजले की मलाही ऐकू आले.

“बाबा! आज रविवार आहे!”

“ठाऊक आहे.”

त्यांनी डोळे मिटले.

सिलास एकदा माझ्याकडं बघे, एकदा बाबांकडं. मी सतरंजीकडं बघत राहिलो...

“आमेन,” बाबा म्हणाले आणि उजवा हात वर केला.

हात वरच राहिला.

“बघत काय उभा राहिलास? त्यांना उठवायला दोघी जणी लागतात. पाळ्या ठरलेल्या आहेत. मागं मार्थाबाई आणि दीनाबाई माझी पाळी, माझी पाळी करत भांडल्या, ते मिटवायला मला जावं लागलं. आणि उठून उभ्या राहिल्या ना, की सालोमीबाई अशा हसतात, की मागच्या सतरंजीवरचेही हसायला लागतात. तू तेव्हा गीताचा नंबर शोधत असतोस.”

सिलासनं हात धरून ओढलं. बाबा हलले नाहीत. त्यानं झगा कमरेला खोचला, काखेत हात घातले. तरी नाही. मी पुढं झालो, तर बाबांनी मला डोळ्यांनीच थांबवलं. तिसऱ्या खेपेला ते उभे राहिले, तेही असे, की दोघं मिळून कोलमडता कोलमडता वाचले. बाबा खदखदून हसले. सिलासही हसला. हसता हसता त्याचे डोळे भरून आले, आणि माझा राग कुठल्या कुठं गेला.

“बाबा, मी त्यांना घालवलं.”

“हो. घालवलंस.” बाबांनी त्याचा हात अजून सोडला नव्हता. “तू सेमिनरीत होतास ती चार वर्षं या गोणपाटावर दर रविवारी तुझं नाव घेतलं जायचं. तुझी परीक्षा असली की प्रार्थना लांबायची. उठवणाऱ्या दोघी ताटकळत उभ्या राहायच्या.”

सिलास खाली वाकला. गोणपाट झटकलं, नीट गुंडाळलं आणि काखेत मारलं. दारापर्यंत गेला आणि तिथंच घुटमळला.

“मावशीला काय सांगू? नियम मागं घेतला म्हणून?”

बाबा फरशीवर सांडलेली टरफलं पायानं गोळा करत होते.

“छे! नियम चांगला आहे. पण उठायच्या दिवशी हात धरून उठवायला कुणीतरी हवं ना. तिला सांग, तुझ्यावाचून आम्हाला तो पाळता येत नाही.”