अडलेलं वाक्य

“कायद्याने मला सांगावंच लागतं का, सर?”

ताम्हनकर सर वाईच्या घरी ओसरीत शेंगा सोलत बसले होते. काळा कोट उतरवून त्यांना दहा वर्षं झाली होती. विचारणारी त्यांची शिष्या, ॲडव्होकेट ऋजुता धारणकर. पेटंट आणि डिझाइनच्या दाव्यांत मुंबई हायकोर्टात तिचा दबदबा होता.

“कायदा तुझ्या कपाटात आहे. त्यासाठी रविवारी एवढ्या लांब आलीस?”

ती ओसरीच्या पायरीवर टेकली.

“झालंय काय?”

मग तिने सांगितलं. तिचं अशील म्हणजे एक मोठी कंपनी. उभ्याने भाजी चिरता येईल अशी ओट्यावरची घडीची विळी कंपनीने आपल्या नावावर नोंदवली होती. कराडचा हणमंत लोहार तशीच विळी विकतो, म्हणून दावा. ऋजुतानेच मनाई हुकूम मिळवला होता. आठ महिने त्याचा भाता बंद होता.

“आणि काल अशिलाच्या कागदांत एक फोटो सापडला, सर. कंपनीचा माणूस हणमंतच्या दुकानात उभा आहे. हातात तीच विळी. तारीख नोंदणीच्या दीड वर्ष आधीची. फोटोच्या पाठीवर लिहिलंय, ‘मूठ बदला, बाकी अशीच.’”

“हं.”

“उद्या शेवटचा युक्तिवाद आहे. कालपासून घास उतरत नाही. अशिलाचं गुपित मला फोडता येत नाही. आणि…”

“आणि?”



सरांनी शेंगांचं सूप बाजूला सारलं. ताठ बसले.

“समज, मी न्यायाधीश. कर सुरुवात.”

ऋजुता उभी राहिली. सवयीने तिचा हात गळ्यापाशी पांढरी पट्टी सारखी करायला गेला. तिथे पट्टी नव्हती.

“मिलॉर्ड, ही रचना माझ्या अशिलाने स्वतः…”

सर वाट पाहत राहिले.

“माझ्या अशिलाने स्वतः…”



“पुढे?”

“पुढे येत नाही, सर.”

“मग झालं की.”

“काय झालं?” ती जवळजवळ ओरडलीच. “मी सोडलं, तर दुसरा वकील हेच वाक्य घडाघडा बोलेल!”

“बोलेल.”

“हणमंत तरीही हरेल!”

“हरेलही.”

सरांनी सूप पुन्हा पुढे ओढलं.

ऋजुता फोन घेऊन अंगणात गेली. तिने कंपनीच्या साहेबांचा नंबर लावला.

“साहेब, ही रचना तुमची आहे, असं मी कोर्टात म्हणणार नाही. दावा मागे घ्या. नाहीतर वकीलपत्र सोडायची परवानगी मी उद्या कोर्टाकडे मागते.”

पलीकडचा आवाज ओसरीपर्यंत ऐकू आला. मग फोन बंद झाला.

ती परत येऊन पायरीवर बसली.

“त्यांची सगळी कामं माझ्या हातून गेली. आता माझे भागीदार मला फर्ममध्ये ठेवतात की नाही…”

सरांनी सुपातली टरफलं वेगळी केली.

“अठरा वर्षं, सर. अठरा वर्षांत एक दावा हरले नाही. आणि आज एक साधं वाक्य तोंडातून निघेना. मग इतकी वर्षं मी केलं तरी काय?”

सरांनी शेंग फोडली.

“आजच्यासाठी सराव.”