राणीचं पान

एका राज्यात इंदुवती नावाची राणी होती, आणि ती फार दमली होती. राज्यात हत्ती होते, घोडे होते, छत्र होतं, चामर होतं. पण त्या हिवाळ्यात मुदपाकखान्यात उभं राहायला राणीवाचून कोणी नव्हतं. आचारी तापाने फणफणले होते, दासी अंथरुणाला खिळल्या होत्या. राजा धैर्यसेन कण्हत होता, सासूबाई खोकत होत्या. आणि धाकटी राजकन्या चित्रांगी, तिची तर बोटं बर्फाची झाली होती. बर्फासारखी नव्हे, बर्फाची. पलंगाला लागली की वाजत.

हे साधं आजारपण नव्हतं. थंडीच्या तोंडाशी हिमजट नावाचा जादूगार राजवाड्याच्या दारी आला आणि त्याने ऊन भात मागितला. राजाने त्याला सोन्याच्या ताटात शिळं अन्न वाढलं. "राजा," जादूगार म्हणाला, "इथे जे शिजेल ते ओठाला लागताच गार होईल. पोटाला ऊब मिळणार नाही." एवढं बोलून तो गेला. राजाने करायचं आणि राणीने निस्तरायचं, ही तर जगाची रीतच आहे.

राणी पदर खोचून मुगाचं कढण करी, पेज करी, सुंठीचा काढा करी. चुलीवर रटरटे ते तोंडात जाताच गारढोण. मग ती भांडी घाशी आणि पुन्हा आधण ठेवी. एके सकाळी धुराड्यावर एक साळुंकी येऊन बसली.

"राणी, तीन कामं कर," साळुंकी म्हणाली. "शापित खजिन्यातले जुने तांदूळ आण. हिमजटाच्या चुलीतला निखारा आण. त्यावर भात शिजव आणि पहिला घास राजवाड्यातल्या सर्वांत भुकेल्या माणसाला दे. माणूस चुकलं तर राजकन्येचा बर्फ वर चढेल. काळजाला पोचला, की संपलं."

"आणखी काही?"

"नाही."

"बरं झालं," राणी म्हणाली आणि चपला शोधू लागली.

खजिन्याच्या दारात नाग होता. सोन्याला हात लावी तो दगड होई, असे बरेच दगड आत उभे होते. राणी त्यांच्यामधून वाट काढत गेली, कोपऱ्यातल्या कणगीतून ओंजळभर तांदूळ घेतले आणि पदरात बांधले.

"सोनं नको?" नागाने विचारलं.

"सोनं शिजत नाही, नागराज."

नाग बाजूला सरकला.

डोंगरावर हिमजट तराजू घेऊन चुलीपाशी बसला होता. "निखाऱ्याच्या बदल्यात तुझी झोप दे," तो म्हणाला.

"असली तर घे, बाबा."

त्याने तराजू धरला. पारडं हललंच नाही. राणीपाशी तोळाभरही झोप नव्हती. हिमजट ओशाळला, जादूगार झाला तरी त्यालाही आई होती. मडक्यात निखारा घालून देत तो म्हणाला, "दिलेला शाप मला परत घेता येत नाही. तो तूच उतरव."

राणी परतली. भात मऊ शिजवला, वर तूप सोडलं, मेतकूट घातलं. राजा भूक भूक म्हणून सर्वांत मोठ्याने कण्हत होता, म्हणून पहिला घास तिने त्याला दिला. घासाचा बर्फ झाला आणि चित्रांगीचा हात कोपरापर्यंत गोठला. मग तिने सासूबाईंना भरवलं; त्यांच्या पोटात कित्येक दिवस काही टिकलं नव्हतं. तोही घास गोठला. बर्फ मुलीच्या खांद्याला लागला. आता एकदाही चुकून चालणार नव्हतं. मुलीहून भुकेलं कोण असणार? तिने चित्रांगीपुढे घास धरला.

चित्रांगीने तोंड फिरवलं. "आई, तू कधी जेवलीस?"

"तुम्ही सगळे जेवलात की जेवेन."

त्या घराण्याची रीतच तशी होती. जिच्या हाती पळी, तिचं पान शेवटी. घर आजारी पडल्यापासून सगळ्यांचं पोटभर जेवण असं झालंच नव्हतं, म्हणून राणीचं पान कधी मांडलंच गेलं नव्हतं. पातेल्याचा तळ बोटाने चाटून ती उभी होती, आणि ते तिच्या स्वतःच्याही ध्यानात नव्हतं.

सासूबाईंच्या मात्र आलं. ही रीत सुनेला त्यांनीच शिकवली होती. त्या भिंत धरून उठल्या, राणीच्या हातचा घास त्यांनी काढून घेतला.

"सूनबाई, आ कर."

"आधी पोरीला, सासूबाई. एवढाच घास..."

"आ कर म्हणते ना!"

राणीने तोंड उघडलं. भात ऊन होता. घशातून खाली उतरेपर्यंत ऊन राहिला. राणीला रडू फुटलं, आणि पलंगावर चित्रांगीच्या खांद्यावरून पाण्याचा पहिला थेंब गळला. मग दुसरा. मग सगळा हात वितळून मऊ झाला आणि तिने तो आईच्या गळ्यात टाकला.

मग सगळे ऊन भात जेवले, हिमजटालाही पानावर बोलावलं. राजाने स्वतः वाढलं, सांडत सांडत का होईना. राणी तोवर चुलीपाशीच झोपली होती. तिला कोणी उठवलं नाही. तेव्हापासून त्या राज्यात शिजवणारीचं पान आधी मांडतात. तिथली चूल निवली नाही, तशी तुमचीही न निवो; आणि आज तुमच्या घरी कोण उपाशी उभं आहे, ते जेवायला बसण्याआधी एकदा पाहून या.