जत्रेच्या दिवशीचं दार

भैरोबाच्या देवळाचे अध्यक्ष रंगराव ढमाले यांना भर घाटात एका छोट्या गाडीने मागे टाकलं. गाडी निघाली कमल पांचाळची, आणि कमलचं गॅरेज तर देवस्थानच्याच जागेत! रंगराव तडक तिथे जाऊन उभे राहिले.

"तुझं इंजिन माझ्या गाडीएवढंच. मग चढाला एवढा जोर आला कुठून? लबाडी आहे ही. पटेल असं सांग, नाहीतर गॅरेज हलव."

"इंजिनात हवा घ्यायला झडप असते, अध्यक्षसाहेब. तुमच्या गाडीत ती उघडण्या-मिटण्याची वेळ कायमची ठरलेली. माझ्या गाडीत ती वेगाप्रमाणे बदलते."

"नुसती वेळ बदलून ताकद वाढते होय?" रंगराव हसले.

कमलने हात पुसले. "जत्रेत एवढी माणसं दर्शन घेतात. गाभाऱ्याचं दार रुंद करता का?"

"भलतंच! दगडी चौकट आहे ती. त्या दिवशी दार लवकर उघडतो, उशिरा लावतो."

"मग रोजच का नाही तसं करत?"

"रोज कुठली गर्दी? उगाच दार उघडं राहिलं तर वाऱ्याने समई विझते."

"संथ फिरताना झडप जास्त वेळ उघडी राहिली, तर इंजिनही असंच विझतं. जोरात फिरताना मात्र हवेची जत्रा भरते; तेव्हा झडप जास्त वेळ उघडी ठेवली की जास्त हवा आत जाते आणि जोर वाढतो." कमलने त्यांच्याकडे रोखून पाहिलं. "गाभारा तेवढाच, दारही तेवढंच. मग जत्रेच्या दिवशी लबाडी कोण करतं, अध्यक्षसाहेब?"

रंगराव गाडीभोवती एक फेरी मारून आले आणि हळूच म्हणाले, "बॉनेट उघड. दर्शन तरी घेऊ दे."